झाडांना बोलते करणारा प्राध्यापक

आमच्या गावच्या आमराईत प्रत्येक झाडाला नाव होते. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या. फळाचा रंग, चव, वास यांवरून कुणा पणजोबांनी ठेवलेली ही नावे. आजी या झाडांची खबरबात अशी सांगे की ऐकणाऱ्याला वाटावे, ती भाऊबंदांबद्दलच बोलते आहे. मी बारावीत असताना गावचा रस्ता रुंद झाला आणि कडेची सात झाडे गेली. मोबदला मिळाला, रस्ताही चांगला झाला. त्याच रस्त्याने एस.टी.त बसून मी या महाविद्यालयात येतो, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात एक गोष्ट ध्यानात आली आणि मन चरकले. आजीच्या बोलण्यातून शेंदऱ्या हा शब्दच नाहीसा झाला होता. झाड गेले, त्यामागून नावही गेले.

हे सारे मनात घोळत असतानाच जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाची जीवनकथा माझ्या वाचनात आली. त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळात आलेले तीन चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, आणि त्यांतले अरण्यात राहणारे देखणे, धनुर्धारी एल्फही आठवत असतील. मीही एल्फांना तेवढेच ओळखत होतो. एल्फ हा शब्द काही टॉल्किन यांनी घडवलेला नाही. उत्तर युरोपच्या जुन्या कथांत तो फार पूर्वीपासून आहे. पुढे तिकडच्या बालवाङ्मयात एल्फ म्हणजे फुलांच्या पाकळीत दडणारा चिमुकला जीव होऊन बसला. टॉल्किन यांनी त्याला पुन्हा उंच केले, अमर केले, आणि भाषा, चालीरीती, इतिहास असलेले एक अख्खे लोक उभे केले. हे लोक त्यांना भेटले तरी कुठे, याचा शोध घेता घेता मी त्यांच्या बालपणाशी जाऊन पोहोचलो.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. १८९५ मध्ये आई मेबल रोनाल्डला व धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते. पण १८९६ च्या फेब्रुवारीत आली ती त्यांच्या निधनाची वार्ता. त्याच वर्षी आई मुलांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहू लागली. तेथे पाणचक्की होती, तळे होते, शेते होती. आईने दोघांना घरीच शिकवले. लॅटिन भाषा तिनेच शिकवली, आणि वनस्पतींची ओळखही तिनेच करून दिली. शब्दांचा नाद आणि झाडांची ओढ ही दोन्ही लेणी रोनाल्डला एकाच हातून मिळाली. चक्कीच्या तळ्यावर झुकलेले विलोचे एक झाड होते. मुले त्यावर चढत. एके दिवशी ते तोडले गेले. तोडणाऱ्याने त्याचा काही उपयोग केला असेही नाही. झाड नुसते आडवे पडून राहिले. ही गोष्ट टॉल्किन म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत.

१९०० साली आईने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातलगांकडून येणारी मदत थांबली. ओढाताणीत चार वर्षे गेली. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी मधुमेहाने तिचे निधन झाले. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. तो तिच्या कामी यायचा नव्हता. रोनाल्ड तेव्हा बारा वर्षांचा होता. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी दोन्ही पोरक्या मुलांचे पालकत्व निभावले.

पोरका मुलगा शब्दांच्या आश्रयाला गेला. बर्मिंगहॅममध्ये घरामागून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणींवर वेल्श गावांची नावे लिहिलेली असत. ती वाचून त्याला वेड लागल्यासारखे होई. १९११ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तेथील ग्रंथालयात फिनिश भाषेचे एक व्याकरण हाती लागले आणि त्या नादाने तो भारून गेला. फिनिशच्या छायेत त्याने क्वेन्या नावाची भाषा रचायला घेतली. पुढे वेल्शच्या छायेत सिंदारिन आकाराला आली. या दोन्ही एल्फांच्या भाषा. बहुतेक लेखक कथा आधी रचतात आणि पात्रांना नावे मागाहून ठेवतात. येथे भाषा आधी जन्मली, आणि ती बोलायला कुणीतरी हवे म्हणून लोक जन्मले.

याच काळात आयुष्यात एडिथ ब्रॅट आली. तीही पोरकीच. तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत भेटगाठ, पत्रव्यवहार बंद, अशी पालकांची आज्ञा झाली. ती त्याने पाळली आणि एकविसाव्या वाढदिवशी तिला पत्र लिहिले. २२ मार्च १९१६ रोजी त्यांचा विवाह झाला आणि काही आठवड्यांतच टॉल्किन यांना फ्रान्सच्या रणभूमीवर जावे लागले. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, रॉबर्ट गिल्सन हा शाळासोबती पडला. डिसेंबरात जेफ्री स्मिथ गेला. चार जिवलगांपैकी दोघेच मागे उरले. टॉल्किन स्वतः उवांमुळे पसरणाऱ्या खंदकज्वराने आजारी होऊन नोव्हेंबरात मायदेशी परतले होते. त्या आजारपणाच्या काळात त्यांनी एल्फांच्या एका गुप्त, सुंदर नगरीची कथा लिहिली. तिचे नाव गोंडोलिन. आणि कथा आहे ती तिच्या विनाशाची.

१९१७ मध्ये यॉर्कशरमधील रूस गावाजवळच्या वनात, पांढऱ्या फुलांच्या रानझुडपांत एडिथ त्यांच्यासाठी नाचली. त्या क्षणातून लूथियेन ही एल्फकन्या निर्माण झाली. बेरेन या मर्त्य मानवावर तिचे प्रेम जडते आणि त्याच्यासाठी ती आपले अमरत्व टाकून देते. एल्फांच्या साऱ्या गाथेचे हृदय मला याच कथेत दिसते.

आता या लोकांच्या रीतिभातींकडे वळू. सूर्यचंद्र निर्माण होण्याआधी एका सरोवराकाठी, चांदण्यांच्या उजेडात एल्फ जागे झाले. पहिल्यांदा त्यांनी तारे पाहिले, म्हणून ताऱ्यांवर त्यांचे निरतिशय प्रेम. स्वतःला ते क्वेंडी म्हणवीत. वाणीने बोलणारे, असा त्याचा अर्थ. त्यांचे निसर्गप्रेमही बोलण्यातूनच सुरू होते. जे दिसेल त्याला ते नाव देत; इतकेच नव्हे, तर झाडांना जागे करून बोलायला शिकवण्याची हौसही त्यांचीच. एंट हे वृक्षांचे राखणदार त्यांच्यामुळेच बोलू लागले.

टॉल्किन यांच्या कागदपत्रांतून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका खंडात एल्फांच्या चालीरीती सविस्तर आहेत. मूल जन्मले की बाप नाव ठेवतो. आईही एक नाव देते, आणि त्यात कधी कधी मुलाच्या भविष्याची चाहूल असते. नोल्डोर या शाखेत मूल मोठे होऊन ध्वनींची स्वतःची आवड त्याला कळू लागली की ते आपले नाव आपणच निवडते, आणि त्याचा समारंभ होतो. वाङ्निश्चयाला चांदीच्या अंगठ्या; त्यानंतर निदान एक वर्ष थांबायचे; मग विवाहात त्या परत करून सोन्याच्या घालायच्या, त्याही उजव्या हाताच्या तर्जनीत. वधूची आई आणि वराचा पिता मिळून दोघांचे हात जुळवतात. नोल्डोरांत रोजचा स्वयंपाक बहुधा पुरुष करतात, हे वाचून आमच्या वसतिगृहातील मित्रांनी एल्फ होण्याचा बेत तत्काळ रद्द केला. लेम्बास ही प्रवासाची पवित्र भाकरी मात्र स्त्रियांनीच करायची.

रिव्हेंडेलच्या एल्फांचे ऋतू सहा. आपल्या षड्ऋतूंची सहज आठवण व्हावी. त्यांत कोमेजण्याचा एक स्वतंत्र ऋतू आहे आणि वसंताआधी जाग येण्याचाही एक. त्यांचे मोठे वर्ष आपल्या १४४ वर्षांचे. लोथलोरियेनच्या वनात एल्फ मॅलॉर्न वृक्षांवर मचाणे बांधून राहतात. या वृक्षाची पाने शरदात सोनेरी होतात, पण गळत नाहीत; वसंतात नवी पालवी फुटेपर्यंत फांदीवरच राहतात.

हे पान न गळणे मला सुरुवातीला फार आवडले. आमच्या इंग्रजीच्या सरांशी बोललो, तेव्हा त्यांनी त्यातली मेख दाखवली. एल्फांचे प्रेम निर्दोष नाही. फेआनोर या थोर कारागिराने तीन रत्ने घडवली, आणि त्यांच्या लोभाने एल्फांनी एल्फांचेच रक्त सांडले. पुढे तीन अंगठ्यांच्या बळावर त्यांनी आपापल्या वनांत जणू काळच थोपवून धरला. जे आवडते ते बदलू नये, हा त्यांचा हट्ट. हा दोष टॉल्किन यांनी स्वतः आपल्या पत्रांत सांगितला आहे. बाप, आई, विलो, मित्र असे एकेक हातून गेलेल्या माणसाने, काहीच न गमावणारे लोक कल्पिले यात नवल नाही. नवल हे की, एवढे करूनही त्यांना तो सुखी दाखवीत नाही. जग म्हातारे होत जाते आणि न मरणारे एल्फ ते पाहत राहतात. अखेरीस अंगठ्यांचे बळ सरते, वने फिकी पडतात, आणि ते जहाजात बसून पश्चिमेला निघून जातात.

स्वतः टॉल्किन यांचे जगणे चारचौघा प्राध्यापकांसारखेच होते. युद्धानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशासाठी डब्ल्यू अक्षरावरील शब्दांच्या व्युत्पत्ती शोधल्या, १९२० पासून लीड्समध्ये शिकवले आणि १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले. तीन मुलगे, एक मुलगी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि रात्री एल्फ. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ आले आणि १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत निघाले. घराजवळच्या एका पॉप्लर वृक्षाची शेजारणीने केलेली छाटणी त्यांच्या जिव्हारी लागली. त्या व्यथेचा अंश असलेली ‘लीफ बाय निगल’ ही कथा १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक चित्रकार झाड रंगवायला बसतो आणि पानापानातच अडकतो, अशी ती कथा. टॉल्किन यांचे तसेच झाले. एल्फांचा प्राचीन इतिहास ते आयुष्यभर लिहीत राहिले, आणि तो अपुराच राहिला. पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये तो ‘द सिल्मरिलियन’ या नावाने सिद्ध केला.

एडिथ १९७१ च्या नोव्हेंबरात गेल्या. टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघे एकत्र विसावले आहेत. शिळेवर त्यांच्या नावांखाली लूथियेन आणि बेरेन ही दोन नावे कोरलेली आहेत. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातला जो काळा पाइन त्यांना फार प्रिय होता, त्याच्या फांद्या २०१४ मध्ये कोसळल्या आणि मग ते झाडही काढावे लागले.

पण कादंबरीच्या अखेरीस एक छोटी गोष्ट आहे. सॅम नावाचा माळी युद्धावरून घरी येतो, तो गावातली झाडे तोडलेली. लोथलोरियेनच्या राणीने, गॅलाड्रिएलने, त्याला एका डबीत आपल्या बागेतली माती आणि एक बी दिलेली असते. जुन्या झाडाच्या जागी तो ती पेरतो, आणि वसंतात तेथे मॅलॉर्न उगवतो. तुटलेले झाड काही परत येत नाही. येते ते दुसरेच.

दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन आजीपुढे बसलो आणि आमराईतल्या झाडांची नावे लिहून घेतली, गेलेल्यांचीही. शेंदऱ्याशी ती थोडी थांबली, मग त्याच्या फळाविषयी घटकाभर बोलत राहिली. गोठ्यामागे टाकलेल्या त्याच्याच एका कोयीतून रोप आले होते. ते बांधावर लावून मी त्याला शेंदऱ्याच म्हणायचे ठरवले. आजीने ते मानले नाही. कोयीचे झाड आईसारखे निघेलच असे नसते. फळ धरू दे, चाखू दे, मग त्याचे नाव ठरेल, असे तिचे म्हणणे. टॉल्किन यांना एवढ्या गाथा रचून जे गवसले, ते आजीला आमराईतच ठाऊक होते.

रोपाला अद्याप नाव नाही. पाणी मात्र मी घालतो आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला