मतस्वातंत्र्याचे उपासक : गोपाळ गणेश आगरकर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात वृत्तपत्र हे लोकशिक्षणाचे प्रभावी साधन बनले. परंतु संपादकाने स्वतःचे मत किती मोकळेपणाने मांडावे, हा प्रश्न त्या काळीही बिकट होता. गोपाळ गणेश आगरकर यांनी त्याचे उत्तर आपल्या आचरणातून दिले.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशा ठिकाणी राहून, अनेक कष्ट सोसून त्यांनी शिक्षण घेतले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एम. ए. ही पदवी मिळवली. मोठ्या पगाराची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. तथापि, पोटापुरत्या वेतनावर समाधान मानून लोकहितासाठी झटण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळवला.

कॉलेजात असतानाच त्यांचा बाळ गंगाधर टिळकांशी स्नेह जुळला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी सहकाऱ्यांसह १८८१ मध्ये ‘केसरी’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले, तेव्हा आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर केलेल्या टीकेमुळे टिळक व आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. टीकेला आधार असलेली पत्रे बनावट ठरली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. लेखनस्वातंत्र्याबरोबर सत्य पडताळण्याची जबाबदारीही येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

याहून अवघड कसोटी पुढे आली. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद यांवर आगरकर कठोर टीका करू इच्छित होते. राजकीय प्रश्नांना अग्रक्रम द्यावा, असे टिळकांचे मत होते. पत्र सर्वांचे असल्याने एकट्याचे मत त्यात अनिर्बंधपणे मांडणे कठीण झाले. मित्रांसाठी मौन पत्करणे आगरकरांना मान्य नव्हते आणि इतरांवर आपले मत लादणेही शक्य नव्हते. अखेर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले.

१८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. आता आगरकरांच्या लेखणीवर सहकाऱ्यांचे बंधन नव्हते. मात्र लोकांचा रोष वाट्याला आला. विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही वाचकांना रुचेल तेवढेच लिहिण्याचा सोपा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून वाद पेटला, तेव्हा ‘केसरी’ने त्यास विरोध केला आणि ‘सुधारक’ने त्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजू वाचून स्वतः विचार करण्याची संधी त्यामुळे समाजाला मिळाली.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याच्या विकाराने त्यांचे शरीर मात्र खंगत गेले. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. सत्ता, मित्र आणि वाचक या तिघांपुढेही संपादकाचा विवेक स्वतंत्र राहिला पाहिजे आणि त्या स्वातंत्र्याची किंमत मोजण्याची त्याची तयारी हवी, हाच त्यांच्या अल्प आयुष्याचा बोध होय.