जोसेफिन कॉक्रेन : भांडी धुण्याच्या यंत्राची जननी

आगगाडी, विमान, टेलिफोन यांच्या जनकांची चरित्रे आपण शाळेपासून वाचतो. पण रोजच्या खरकट्या भांड्यांच्या ढिगाकडे संशोधकाच्या दृष्टीने पाहणाऱ्या स्त्रीचे चरित्र आपल्या वाचनात सहसा येत नाही. ती स्त्री म्हणजे अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन.

त्यांचा जन्म १८३९ साली ओहायो राज्यात झाला. वडील अभियंते होते. विवाहानंतर त्या इलिनॉयमधील शेल्बीव्हिल या गावी राहू लागल्या. घरी सुबत्ता होती, पाहुण्यांची वर्दळ असे. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या किमती बशांचे टवके उडू लागले, तेव्हा बाई स्वतःच भांडी धुवू लागल्या. हे काम किती जिकिरीचे असते, ते त्यांना तेव्हा उमगले.

१८८३ मध्ये पती वारले आणि मागे कर्ज राहिले. हौसेची कल्पना आता पोटापाण्याचा प्रश्न झाली. जॉर्ज बटर्स या कारागिराच्या मदतीने त्यांनी घरामागच्या शेडमध्ये यंत्र तयार केले. बशांच्या मापाचे तारेचे कप्पे, ते बसवलेले चाक, भोवती तांब्याचे भांडे आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे, अशी त्याची रचना होती. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात यंत्राला पारितोषिकही लाभले.

हॉटेलांनी यंत्र घेतले, घरांनी मात्र नाही. किंमत जास्त होती, पुरेसे गरम पाणी नसे आणि कित्येक ठिकाणी पाणी जड असल्याने साबणाला फेसच येत नसे. १९१३ साली बाईंचे निधन झाले. घरोघरी यंत्र पोहोचलेले त्यांना पाहता आले नाही.

जड पाण्याची ही अडचण राऊकडील बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांना सांगायला नको. पेला वाळला की त्यावर पांढरे डाग उरतात. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. यंत्रासाठी बाजारात ‘रिन्स एड’ नावाचे द्रावण मिळते. त्यामुळे पाण्याचे थेंब न साचता निथळून जातात. त्याऐवजी कित्येक घरांत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी वापरतात. आम्लात क्षार विरघळतात, हे त्यामागचे शास्त्र. मात्र पाणी निथळवण्याचे काम त्याने तितके साधत नाही आणि व्हिनेगर नेहमी वापरल्यास यंत्राचे रबर खराब होऊ शकते. हाताने भांडी धुणाऱ्यांनी शेवटच्या विसळण्याच्या पाण्यात थोडा लिंबाचा रस घालावा आणि भांडी लगेच कोरड्या फडक्याने पुसावीत. ॲल्युमिनियमची भांडी मात्र आंबट पाण्यात ठेवू नयेत.

चिंचेने तांब्या लखलखीत करणाऱ्या आपल्या आजीला हे शास्त्र हातानेच ठाऊक होते. पण तिचे श्रम कमी व्हावेत, असे घरात कोणाला वाटले होते का? कॉक्रेनबाईंच्या चरित्रापासून घ्यायचा धडा हाच आहे. आज जेवून उठताना प्रत्येकाने निदान आपले ताट तरी स्वतः विसळावे.