तिसरे रघूजी भोसले
तिसरे रघूजी भोसले (जन्म: इ.स. १८०८, मृत्यू: ११ डिसेंबर, इ.स. १८५३) हे नागपूरच्या गादीवरील अखेरचे भोसले राजे होते.

जीवन
दुसऱ्या रघूजींच्या कन्येचे हे पुत्र. मूळ नाव बाजीबा. इ.स. १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर त्यांना दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. ते अल्पवयीन असल्याने कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहत असे. राजघराण्याची सूत्रे बाकाबाईंकडे होती. इ.स. १८३० पर्यंत राज्याधिकार त्यांच्याकडे परत आला.

नाणी
नाणे पाडणे हे राजसत्तेचे लक्षण मानले जाई. भोसल्यांनी कटकच्या टांकसाळीत मुघल बादशहा अहमदशाहाच्या नावाने चांदीचे रुपये पाडले. देवगावच्या तहाने (इ.स. १८०३) कटक गेले. इ.स. १८३५ पासून कंपनीचा १८० ग्रेन वजनाचा एकसमान रुपया प्रचारात आल्यावर संस्थानी रुपयांचे महत्त्व घटत गेले.

वारसाचा प्रश्न
रघूजी निपुत्रिक वारले. राण्यांनी दत्तकाचा हक्क मागितला. परंतु डलहौसीने तो नाकारून इ.स. १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजघराण्याचे जडजवाहीर लिलावात विकले गेले. त्याबरोबर नागपूरच्या स्वतंत्र नाण्यामागील राजसत्ताही संपली. इ.स. १८५७ नंतर दत्तक जानोजींना देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला, राज्य मात्र मिळाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सक्करदरा येथील राजवाडा घराण्याचे निवासस्थान होता. ताजुद्दीन बाबांचे वास्तव्यही तेथे होते.