खापराची साक्ष काढणारे सांकळिया

कोर्टात साक्षीदार फितूर होतो, सातबाऱ्यावरचे नाव बदलते. जमिनीत गाडले गेलेले खापर मात्र सहसा आपली जबानी बदलत नाही. या खापराची साक्ष काढण्यात डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी आयुष्य घालवले.

१९०८ साली मुंबईत गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आम्हा वकिलांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ते एलएल.बी. होते. वकिली त्यांनी केली नाही. फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पहिला मोठा अभ्यास केला तो नालंदा या बौद्ध विद्यापीठाचा. तो १९३४ साली ग्रंथरूपाने आला. पुढे लंडनला पीएच.डी. करताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात ते प्रत्यक्ष खणायला शिकले आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले.

आपल्या नांदेडातून वाहणाऱ्या गोदावरीला वर प्रवरा मिळते. या प्रवरेकाठी जोर्वे आणि नेवासे येथे त्यांनी खणले. नेवासे म्हटले की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते. सांकळियांनी तिथल्या लाडमोड टेकाडाखाली सातवाहनांचा थर आणि त्याखाली तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती दाखवली. एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस निघाला. कोणत्या पोथीत त्या मुलाचे नाव आहे?

१९६८ पासून त्यांच्या विभागाने घोड नदीकाठी इनामगाव खणले. ढवळीकर आणि अन्सारी या सहकाऱ्यांसह त्याचा अहवाल १९८८ साली निघाला. धान्याच्या कोठाराशेजारी पाच खोल्यांचे घर, ते बहुधा गावप्रमुखाचे. कुंभारासारख्या कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या कडेला. प्रौढ माणसे पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. चार पायांच्या रांजणात पुरलेल्या एका माणसाचे पाय तेवढे शाबूत. आमच्या काही मित्रांना यात लगेच जात दिसते. तेवढा पुरावा तिथे नाही, आणि ओढूनताणून काढलेला निष्कर्ष उलटतपासणीत टिकत नाही. पण कोण मध्यभागी राहिले आणि कोण कडेला, हे विचारायची सोय या माणसाने करून दिली, हे खरे.

१९७३ साली त्यांनी रामायणालाही हीच कसोटी लावली. कथा त्यांनी सरसकट नाकारली नाही. ग्रंथात वर्णन केलेल्या वस्तू कोणत्या काळच्या हे तपासून त्यांनी लंका मध्य भारतात असावी असे मांडले. वाद झाला. १९७४ साली पद्मभूषण मिळाले; १९८९ साली ते गेले.

लातूरजवळच्या तेरला शेतात अजून खापरे सापडतात. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांची पांढर माळवदासाठी खोदून नेली गेली. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित घोषित झालेल्या जागेपुरता. बाकीच्या पांढरीला वाली नाही. आणि पांढरीच्या बाहेर, ओढ्यापलीकडे आपला महारवाडा होता. तिथे मडकी होती, चुली होत्या, मेलेली माणसे पुरलेली होती. ती जागा खणायला अजून कोणी गेलेले मी पाहिलेले नाही.