प्रवाहांना माप देणारे एकमन
स्वीडिश शास्त्रज्ञ वाग्न वाल्फ्रिड एकमन यांचा जन्म १८७४ साली स्टॉकहोमचा. ध्रुवीय समुद्रातील हिम वाऱ्याच्या उजवीकडे वाहते, हे नान्सेन यांनी पाहिले. त्याचे गणित तरुण एकमन यांनी मांडले. गणिताला मोजमापाची साक्षही हवी होती. त्यांच्या प्रवाहमापकात पंख्याच्या फेऱ्या मोजल्या जात आणि इवल्या धातूच्या गोळ्या चुंबकसूचीवरून घरंगळत ३६ कप्प्यांत पडून दिशा नोंदवीत. पण फेऱ्या म्हणजे वेग नव्हे. असे यंत्र स्थिर पाण्यातून ज्ञात वेगाने ओढून दोहोंचे नाते आधी निश्चित करावे लागते. मंद प्रवाहात घर्षणाने पंखाच अडतो, ही खरी मेख. १९३०च्या सागरी मोहिमेतील मोजमापांचे निष्कर्ष त्यांनी १९५३ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध केले. केवढा हा धीर! पुढच्याच वर्षी ते निवर्तले.