दत्तूची आई

लक्ष्मीबाई टिळक म्हटलं, की आपल्याला ‘स्मृतिचित्रे’मधली मिश्कील, दुसऱ्याला हसवणारी बाई आठवते. मला मात्र त्यांची आधीची वर्षं आठवतात.

१८९५ साली नारायण वामन टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई जेमतेम सत्तावीसच्या. आधीची लेकरं गेलेली, पदरात एकटा लहानगा दत्तू. बाई पार खचल्या.

त्यांचं दुखणं बाळंतपणातलं नव्हतं. पण मैत्रिणींनो, बाळंतिणीचंही मन असंच खचतं. आपल्याकडे शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, पण ती गुपचूप रडते का, हे कोण बघतं? ही उदासी दोन आठवड्यांहून जास्त राहिली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तान्हं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून शिकतं. आई बरेच महिने हसली-बोलली नाही, तर त्याचं बोलणं मागे पडू शकतं, जीव लावणंही. अशा वेळी घरातलं दुसरं मायेचं माणूस फार मोलाचं.

या मायलेकरांना माहेरच्या माणसांनी सांभाळलं. विरहाच्या त्या दिवसांतच लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. पुढे आमच्या नगरला नवऱ्याकडे आल्या, राहुरीलाही राहिल्या. परक्यांची मुलं सांभाळली, तरुण बालकवींनाही घरच्यासारखा जीव लावला.

दत्तू मोठा होऊन देवदत्त टिळक झाला, लेखक आणि संपादक. आईला आठवणी लिहायच्या भरीस त्यानंच घातलं. १९३६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा राहिलेली कहाणी पुरी केली तीही दत्तूनंच.