गेओर्ग सीमोन ओम

विजेच्या दिव्यावर व शेगडीवर व्होल्ट, वॉट, अँपिअर असे शब्द छापलेले असतात. हे शब्द म्हणजे माणसांचीच नावे होत. अशाच एका मनुष्याचे वृत्त वाचकांस येथे थोडक्यात सादर करीत आहो.

गेओर्ग सीमोन ओम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी एका प्रॉटेस्टंट घराण्यात झाला. बाप कुलपे घडविणारा कारागीर. शाळेत फारसा न गेलेला, परंतु स्वतःच्या कष्टाने गणित व शास्त्रे शिकलेला. त्यानेच मुलांस शिकविले. ओम दहा वर्षांचा असता त्याची आई निवर्तली. पुढे विद्यापीठात गेल्यावर मुलगा नाच व खेळ यांत वेळ दवडितो, असे पाहून बापाने त्यास तेथून काढिले. मग त्याने स्वित्झर्लंडात शिक्षकाचे काम केले व १८११ साली परत येऊन पदवी मिळविली.

१८१७ पासून तो कोलोन येथील जेझुइट शाळेत शिकवीत असे. तेथे त्याने आपला मुख्य प्रयोग केला. त्या काळच्या विद्युत्घटांचा जोर एकसारखा टिकत नसे. म्हणून १८२६ साली त्याने बिस्मथ व तांबे यांचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून त्याने स्थिर दाब मिळविला. नंतर एकाच जाडीच्या पण कमीअधिक लांबीच्या तारा एकामागून एक जोडून चुंबकसूची किती वळते हे मोजिले. तार लांब, तर प्रवाह कमी! बापाच्या कारखान्यात हाताला लागलेले वळण येथे उपयोगी पडले असावे, असे आम्हांस वाटते.

यातून निघालेला नियम सोपा आहे. टाकी जितकी उंच, तितके नळातून पाणी जोराने येते. नळ अरुंद असल्यास कमी येते. विजेतही तसेच. दाब व्होल्टात, तारेचा विरोध ओममध्ये व प्रवाह अँपिअरात मोजितात. दाबास विरोधाने भागिले की प्रवाह निघतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती किती खर्च होते ते वॉटात कळते. समजा, घरातील दाब २३० व्होल्ट व शेगडीचा विरोध ४६ ओम आहे. तर प्रवाह ५ अँपिअर व शक्ती ११५० वॉट. विरोध तितकाच राहून दाब दुप्पट झाला, तर प्रवाहही दुप्पट होतो, आणि शक्ती मात्र चौपट! तार जळते ती यामुळे.

१८२७ साली ओमने हे सर्व गणितासह पुस्तकरूपाने बर्लिन येथे प्रसिद्ध केले. त्यावर मोठी जागा मिळेल अशी त्याची आशा होती. पण जर्मन विद्वानांनी त्याचे थंडेपणाने स्वागत केले. १८२८ साली त्याने कोलोनची नोकरी सोडिली, आणि १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे जागा मिळेपर्यंत त्याचे दिवस हलाखीत गेले. स्वदेशाने ज्याची उपेक्षा केली, त्यास १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. ज्या प्राध्यापकपदाची त्याने जन्मभर वाट पाहिली, ते म्यूनिक येथे १८५२ साली मिळाले. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. ६ जुलै १८५४ रोजी तेथेच त्याचा अंत झाला.

१८८१ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांचे विद्युत्शास्त्रज्ञ जमले, आणि विरोधाच्या मापास ओम हे नाव ठरले.